पत्र्याखालची पेटी

काकासाहेबांनी आयुष्यात कुठलीही चांगली वस्तू उन्हात ठेवली नव्हती. त्यांच्या रेडिओला लोकरीचं विणलेलं झाकण होतं. राजदूत मोटारसायकल ओसरीत गोधडीखाली उभी असायची आणि स्वतः काकासाहेब बिडकीनला सायकलवर जायचे, कारण मोटारसायकलला धूळ लागते. लेकीच्या लग्नात व्याह्यांकडून आलेलं भिंतीवरचं घड्याळ अजून त्याच्या प्लॅस्टिकमध्येच होतं. काटे दिसत नसत, पण घड्याळ कोरं करकरीत होतं. अशा माणसाच्या ताब्यात सरकारनं उन्हावर चालणारी पेटी दिली. यात काकासाहेबांची चूक किती आणि सरकारची किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सरकारी कचेऱ्यांना तेव्हा सूर्याचा नव्यानंच शोध लागला होता. बिडकीनच्या अलीकडच्या खामगव्हाणात होळी झाली की असं ऊन पडतं, की कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं चालतात. पण त्या उन्हाचं काही करता येतं, हे गावाला शहरातल्या कचेरीनं येऊन सांगावं लागलं. फळं वाळवायची सौर पेटी महिला मंडळांना मिळणार होती. गावात महिला मंडळ नव्हतं, ते काकासाहेबांनी एका दुपारी करून टाकलं. अध्यक्ष म्हणून द्वारकाबाईंना नेमलं, कारण त्यांना सही येत होती आणि त्यांच्या विहिरीवर अंजिराची चौदा झाडं होती. नेमल्याचं त्यांना दोन दिवसांनी कळवलं.

पेटी घेऊन आले दत्तोपंत. कचेरीतले जुने कारकून, निवृत्तीला तीन महिने उरलेले, आणि त्या तीन महिन्यांत आपल्या हातून बरंवाईट काहीच घडू नये एवढीच त्यांची इच्छा. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं.

“पेटी मोकळ्या जागी ठेवा, तोंड दक्षिणेला करा, काच रोज पुसा. महिन्याभरानं साहेब स्वतः बघायला येतील. वाळलेली अंजिरं दाखवलीत तर पेटी कायमची तुमची, पाठोपाठ आणखी सहा येतील. नाही दाखवलीत तर ही उचलून टाकळीला द्यायची. तिथल्या आप्पासाहेबांचा अर्ज येऊन पडलाय.”

बाकी सगळं काकासाहेबांच्या कानावरून गेलं. शेवटचं मात्र थेट काळजात घुसलं.

आप्पासाहेब म्हणजे काकासाहेबांचे व्याही. टाकळी खामगव्हाणापासून दीड कोसावर. माणूस इतका गोड, की त्याच्याशी भांडायची सोय नाही. आधी एस.टी.चा थांबा खामगव्हाण फाट्यावर होणार होता, तो टाकळीला झाला. मग गुरांचा दवाखाना येणार होता, तो टाकळीला गेला. दर वेळी आप्पासाहेब सांगावा धाडायचे, “असू द्या व्याही, शेवटी लेकरांचंच आहे.” आणि वस्तू घेऊन जायचे. लेकीकडे गेलं की काकासाहेबांना त्याच थांब्यावर उतरावं लागे आणि त्याच दवाखान्यावरून चालत जावं लागे. आता तिसऱ्यांदा हेच झालं, तर टाकळीत तोंड कसं दाखवायचं, ह्या एका विचारानं काकासाहेबांचं जेवण सुटलं.

“पेटी ह्या गावातून हलत नाय,” ते म्हणाले. मग त्यांना दुसरं आठवलं. “अन् दक्षिणेला तोंड? दत्तोपंत, घरात पंचांग ठेवून तुमी दक्षिण सांगता? यमाची दिशा हाय ती!”

दत्तोपंतांचा एक पाय टेम्पोत होता. त्यांनी दुसराही आत घेतला.

पेटी खरोखर देखणी होती. कमरेइतकी उंच, वर तिरकी काच, आत काळा रंग आणि जाळीची चार ताटं. काकासाहेबांनी तिचं तोंड उत्तरेला केलं, कारण उत्तरेला रस्ता होता आणि त्या रस्त्यानं टाकळीची एस.टी. जायची. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला काकासाहेब बाहेर आले, तर काचेवर रखरखीत ऊन पडलेलं. एवढी नवी वस्तू, आणि अशी उघड्यावर भाजतेय! त्यांनी तालुक्याहून पत्रे मागवले, चार खांब रोवले आणि संध्याकाळच्या आत पेटीवर शेड उभी केली.

“अवो,” त्यांची बायको भागूबाई म्हणाली, “ती पेटी उन्हावर चालती म्हणत्यात ना?”

“उन्हावर म्हंजी तापावर. पत्र्याखाली बसून बघ जरा. भायेरच्या परीस जास्ती उकडतं का नाय?”

भागूबाई दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेडमध्ये बसून आली. घामानं निथळत बाहेर पडली. उकडत होतं हे खरंच होतं, त्यामुळे तिला पुढं बोलता येईना.

पेटीबरोबर सूचनांचा एक कागद आला होता. तो इंग्रजीत होता, म्हणून काकासाहेबांनी त्याला फ्रेम करून शेडच्या खांबावर लावला. कागदावर पेटीचं चित्र होतं आणि पेटीच्या अगदी डोक्यावर हसरा सूर्य काढला होता, किरणं थेट काचेवर पडलेली. ते कंपनीचं चिन्ह आहे असं काकासाहेबांनी सर्वांना सांगितलं. रोज सकाळी ते पेटीची काच पुसायचे आणि मग फ्रेमचीही पुसायचे.

आठवड्यानं द्वारकाबाई अंजिरांची पहिली पाटी घेऊन आल्या. काकासाहेबांच्या चुलतभावाची बायको, पन्नाशीची, कमी बोलणारी. पाटी खाली ठेवून त्यांनी शेडभोवती एक चक्कर मारली.

“काकासाहेब, पेटी भायेर काढा की.”

“काच तडकंल.”

“उन्हासाठीच बसवली आसंल ना ती काच?”

“द्वारकाबाई, तुमी अध्यक्ष हायात. अध्यक्षानं कामात लक्ष घालायचं नसतं.”

द्वारकाबाईंनी अंजिरं जाळीवर मांडली आणि गेल्या. तीन दिवस काचेला आतून पाणी सुटत होतं. काकासाहेब ते भेटायला येणाऱ्याला दाखवायचे, “बगा, फळातलं पाणी कसं निघून राह्यलं!” निघालेलं पाणी काचेवरून ओघळून परत अंजिरांवरच पडत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी वास सुटला. त्या वासावर सगळ्यांत आधी आला कडूबा. गावात दारू कुठे आहे हे पोलिसांच्या आधी कळणारा तो एकमेव माणूस. त्यानं पेटीजवळ उकिडवं बसून डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि मनापासून सल्ला दिला.

“काकासाहेब, माल झकास हाय. पर आजून दोन दिस जाऊ द्या.”

पाटीभर अंजिरं उकिरड्यावर गेली. कडूबा तिथंही गेला.

काकासाहेबांना तोवर कारण सापडलं होतं. दृष्ट लागली होती. टाकळीची एस.टी. रोज दोनदा समोरून जाते, तिच्या खिडक्यांतून चाळीस-चाळीस जण बघतात, मग दुसरं काय होणार? पेटीला काळी बाहुली बांधली, लिंबू-मिरची लावली, आणि रस्त्याच्या बाजूनं जुनी सतरंजी सोडली. उरलासुरला उजेडही त्यामुळे बंद झाला. शिवाय आत-बाहेर करणाऱ्या बायकांचे हात नाना प्रकारचे, कुणाचा हात बाधेल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली जानवं जपावं तशी कनवटीला जपली. पेटी बायकांसाठी आली होती, तेव्हा तिला बायकांपासून जपणं भागच होतं. दुसऱ्या पाटीतली अंजिरं त्यांनी स्वतः मांडली, आंघोळ करून, सोवळ्यानं. तीही आंबली. ह्या खेपेला मात्र कडूबा कुलपाकडे बघून हळहळत परत गेला.

साहेब यायला नऊ दिवस राहिले, तेव्हा द्वारकाबाई पुन्हा आल्या. झाडांवर शेवटचा तोडा होता. तोही वाया गेला तर ह्या वर्षीचं अंजीर संपलं.

“मला पेटी नगं,” त्या म्हणाल्या. “नुसता पत्रा द्या.”

“कंचा पत्रा?”

“हाच, शेडीवरचा. दुपारी भाकरी भाजंल इतका तापतोय. अंजिरं गरम पाण्यातून काढून वर घालून बघते.”

काकासाहेब किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसले. सरकारनं काच लावून, काळा रंग देऊन, जाळ्या घालून पेटी धाडली, ती हात टेकते. आणि ही बाई निघाली छपरावर. पण मग त्यांच्या मनात आलं, की बायका वर राहिल्या तर खाली पेटीपासून लांब राहतील.

“घाला, घाला. कावळ्यांचं तरी पोट भरंल.”

द्वारकाबाईंनी शेडच्या मागच्या अंगाला शिडी लावली. धुतलेलं जुनं लुगडं पत्र्यावर अंथरलं, त्यावर अंजिरं मांडली आणि वरून मच्छरदाणी ताणून चार कोपऱ्यांना दगड ठेवले. संध्याकाळी सगळं गोळा करून घरात न्यायचं, सकाळी पुन्हा मांडायचं, रोज एकेक अंजीर बोटानं दाबून चपटं करत उलटायचं. पत्रा इतका तापे, की त्या पायांना फडकी गुंडाळून वर चढत. चैत्रात सगळ्याच छपरांवर कुरडया-पापड असतात, बायका सगळ्याच शिड्यांवर असतात. काकासाहेबांनी एकदाही मान वर केली नाही. त्यांचं सगळं ध्यान खाली, कुलपाकडे होतं.

तीन दिवस उरले, तेव्हा त्यांना झोपेतही टाकळीचा थांबा दिसायला लागला. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला नको म्हणून त्यांनी त्याच सकाळी काय करायचं ते ठरवून टाकलं. गोधडी काढली, राजदूतला लाथ मारली, ती सात वेळा नाही म्हणाली, तेव्हा ते एस.टी.नं शहराला गेले. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ सुक्या मेव्याचं एक जुनं दुकान होतं. दुकानदारानं काबुली अंजिरांच्या माळाच पुढं टाकल्या. गवताच्या दोरीत ओवलेली, चपटी, जाडजूड अंजिरं.

“काकासाब, ये लेव. छे महिने पडा तो बी कुछ नई होता. कित्ता दूँ?”

“पाच माळा.”

“शादी है क्या घर में?”

“तसंच समजा,” काकासाहेब म्हणाले. “जावई येणार हाय सरकारी.”

घरी ओसरीचं दार लावून नवरा-बायको दोऱ्या ओढून अंजिरं सुटी करत बसले. भागूबाईनं एक अंजीर उजेडासमोर धरलं.

“अवो, मधून आरपार दिसतंय की.”

“काय दिसतंय?”

“तुमी दिसताय.”

प्रत्येक अंजिराला मधोमध भोक होतं. काकासाहेबांनी एक-दोन चिमटून बंद करून बघितली, ती परत उघडली. “साहेब काय डोळा लावून बघनार हाय काय?” ते म्हणाले आणि अंजिरं ताटात रचायला लागले. पण आतून त्यांना लाज वाटत होती. इतकी, की त्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

ठरल्या दिवशी अकराला जीप आली. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, आणि त्या उन्हात त्यांनी टाय बांधला होता. जीपमधून उतरल्याबरोबर ते जवळजवळ पळतच शेडखाली आले. पाठोपाठ फाईल घेऊन दत्तोपंत. दत्तोपंतांनी शेड बघितली, पेटीचं तोंड बघितलं, सतरंजी, बाहुली, कुलूप, फ्रेममधला कागद, सगळं ओळीनं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

“वा, किती छान सावली केलीय!” साहेब म्हणाले, आणि कपाळ पुसलं.

काकासाहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी ताट पुढं केलं. साहेबांनी एक अंजीर खाल्लं, मग दुसरं.

“उत्कृष्ट. अगदी बाजारातल्यासारखं!”

“त्याहून सरस म्हना साहेब.”

साहेबांनी तिसरं उचललं आणि थांबले. “ह्याला मध्ये भोक कसलं?”

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. काकासाहेबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला आणि तो हनुवटीला पोचायच्या आत त्यांना उत्तर सुचलं.

“ती आमची पद्धत हाय साहेब. वारा आरपार खेळावा म्हनून पाडतो.”

“अरे! किती साधी कल्पना! दत्तोपंत, लिहून घ्या.”

दत्तोपंत तीस वर्षं पोट साफ राहावं म्हणून रोज सकाळी दोन काबुली अंजिरं खात आले होते, आणि तीही त्याच दुकानातली. त्यांनी एका नजरेत ओळखलं. मग लिहून घेतलं.

इतक्यात डोक्यावर पत्रा करकरला. साहेबांनी दचकून वर बघितलं. “वर काय आहे?”

“काय नाय साहेब. वाळवन हाय बायकांचं.”

मागच्या शिडीवरून द्वारकाबाई उतरत होत्या. हातात पितळेचं ताट, त्यावर फडकं. अध्यक्षांनी साहेबांसमोर यावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या आल्या होत्या. ताटात त्यांचा नऊ दिवसांचा घाम होता. काकासाहेबांनी त्यांना बघितलं. आता ही बाई कसली तरी काळी पडलेली, कावळ्यांनी टोचलेली अंजिरं ह्या देखण्या ताटाशेजारी ठेवणार आणि सगळं उघडं पडणार. त्यांनी डोळे मोठे केले, हातानं मागं हो म्हणून खुणावलं, शेवटी स्वतःच साहेब आणि द्वारकाबाईंच्या मध्ये उभे राहिले.

“ह्या कोण?”

“अध्यक्ष हायती. लाजतात.”

द्वारकाबाई लाजत नव्हत्या. त्या क्षणभर काकासाहेबांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या, मग ताट तसंच झाकलेलं घेऊन खांबाशी जाऊन बसल्या.

साहेबांनी पेटीच्या काचेवर हात ठेवला. काच गार नव्हती, पण तापलेलीही नव्हती. ते थोडे गोंधळले.

“हिला ऊन किती तास मिळतं?”

ह्या प्रश्नाची काकासाहेब महिनाभर वाट बघत होते. त्यांची छाती फुगली.

“साहेब, आल्या दिवसापासून सांगतो. एक दिवस, एक घटका पेटीला ऊन लागू दिलं नाय! नवी हाय तशी नवी हाय.”

दत्तोपंत खोकले.

“म्हणजे ही अंजिरं उन्हाशिवाय वाळली?”

“वाळली म्हंजी? तुमी खाल्लीच की!”

“मग पेटीचा उपयोग काय झाला?”

इथं काकासाहेबांनी जरा थांबायला हवं होतं. पण समोर साहेब डोळे मोठे करून बघत होते, गाव ऐकत होतं, आणि डोक्यात टाकळीचे थांबे नि दवाखाने फिरत होते. त्यांना वाटलं, आता असं काही बोलावं की सहा काय, बारा पेट्या येतील.

“पेटी तर नुसती निमित्त साहेब. खरं म्हंजी आमच्या गावच्या हातातच कसब हाय. आमाला पेटी काय अन् नाय काय!”

साहेबांचा चेहरा उजळला. कचेरीत आल्यापासून जो भेटला तो मागणारा. नको म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी काकासाहेबांचा हात हातात घेतला आणि तिथंच छोटंसं भाषण केलं. असं स्वयंपूर्ण गाव आपण पाहिलं नव्हतं, हे गाव जिल्ह्याला वाट दाखवील. “अशा गावाला आपण पेटी देऊन त्यांच्या कौशल्याचा अपमानच केला. पेटी तिथे जायला हवी, जिथे हे कौशल्य नाही. दत्तोपंत, टाकळीचा अर्ज आहे ना? आजच रवाना करा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनीही वाजवल्या. तिसऱ्या टाळीला त्यांना अर्थ कळला, पण तोवर हात थांबवायची वेळ गेली होती.

दुपारी तीनला टेम्पो आला. पेटी गेली, बाहुली आणि लिंबू-मिरचीसकट. कुलूप काढायचं राहिलं होतं, त्यासाठी टेम्पो फाट्यावरून परत फिरला आणि काकासाहेबांना कनवटीची किल्ली स्वतःच्या हातानं द्यावी लागली. दत्तोपंत टेम्पोत बसता बसता एवढंच म्हणाले, “तोंड दक्षिणेला करा म्हणालो होतो.” महिन्याभरात त्यांनी काढलेला हा एकच शब्द.

रिकाम्या शेडमध्ये काकासाहेब बाजेवर बसून राहिले. जिथं पेटी होती तिथं चार पायांचे चार चौकोन उमटले होते. आता आप्पासाहेबांचा सांगावा येईल, असू द्या व्याही, शेवटी लेकरांचंच आहे. त्यांना रडावंसं वाटत होतं आणि पत्र्याखाली उकडत होतं, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणाला कळलं नाही.

खांबाशी द्वारकाबाई अजून बसल्या होत्या. त्या उठल्या, फडकं काढलं आणि ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

“घ्या. साहेबासाठी काढली हुती. आता तुमीच खा.”

ताटातली अंजिरं मधाच्या रंगाची होती. चपटी, मऊ, कडा जराशा चिकट. एकालाही भोक नव्हतं. काकासाहेबांनी एक तोंडात टाकलं आणि चावायचं विसरले. शहागंजातलं काबुली ह्याच्यापुढं वातड होतं.

“कुठं वाळली ही?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांची मान, महिन्याभरात पहिल्यांदा, वर गेली.

“मी सांगितलं हुतं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुमी हसला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काकासाहेबांना तेव्हा जी शरम वाटली, ती पेटी गेल्याच्या दुःखाहून मोठी होती. साहेबांना खरं अंजीर दाखवायला फक्त बाजूला सरकायचं होतं. तेवढं एक पाऊल त्यांच्यानं झालं नाही.

“माफी करा द्वारकाबाई,” ते म्हणाले. हे शब्द त्यांनी घरातल्या कुठल्याही बाईला कधी म्हटले नव्हते, म्हणून भागूबाई आतून बाहेर आली आणि दारात उभी राहून बघायला लागली.

“माफी ठिवा तुमच्यापाशी. पत्रा काढू नका म्हंजी झालं. पुढल्या साली शेजारच्या आवडाबाईच्या शेतातले पेरू बी घालायचेत.”

पत्रा राहिला. पावसाळ्याच्या तोंडाला जिल्हाभर परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, की फळे वाळवताना प्रत्येक फळास मधोमध छिद्र पाडावे, आणि सर्व सौर पेट्यांवर पत्र्याची शेड उभारून त्यांचे उन्हापासून संरक्षण करावे. ह्या रीतीस ‘खामगव्हाण पद्धत’ असे नाव देण्यात येत आहे. खाली साहेबांची सही होती. दत्तोपंत निवृत्त झाले होते, त्यामुळे परिपत्रकावर शंका काढणारं कचेरीत कुणी उरलं नव्हतं. ते असते तरी काढली असती असं नाही.

पुढच्या चैत्रात टाकळीहून पत्र आलं. अक्षर लेकीचं होतं, शब्द आप्पासाहेबांचे. “परिपत्रकाप्रमाणं शेड बांधली. भोकंही पाडली. तीन वेळा अंजिरं घातली, तिन्ही वेळा आंबली. वासानं गल्लीतली माणसं दारात येऊन बसतात. तुमच्यासारखी होत नाहीत. आमचं काही चुकत असेल तर व्याह्यापासून लपवू नये.” खाली लेकीनं स्वतःची एक ओळ घातली होती, “बाबा, सगळं मलाच निवडून टाकावं लागतं.”

काकासाहेब शेडमध्ये पोस्टकार्ड घेऊन बसले. खरं लिहावं तर शहागंज लिहावं लागणार, आणि टाकळीचा थांबा जन्मभर हसणार. नाही लिहावं तर लेक आंबलेल्या फळांत हात घालत बसणार. डोक्यावर पत्रा करकरत होता. द्वारकाबाईंबरोबर आता आवडाबाई होती, भागूबाईही होती. त्यांच्या बोलण्याचा आवाज खाली येत होता, शब्द कळत नव्हते.

त्यांनी दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं: “आप्पासाहेबांस नमस्कार. तुमचं काही चुकलं नाही. मी साहेबांना जी अंजिरं दाखवली ती शहागंजातून आणली होती, भोक त्या दोरीचं आहे. शेड मात्र पाडू नये. मागच्या बाजूनं शिडी लावावी, बायकांना वर जाऊ द्यावं, आणि आपण खाली बसावं. पेटी उन्हात काढावी, तोंड दक्षिणेला करावं. काच तडकत नाही म्हणतात.”

“अवो,” वरून भागूबाईचा आवाज आला, “जरा शिडी धरा, ताट खाली घ्यायचंय.”

काकासाहेबांनी पोस्टकार्ड खिशात घातलं आणि शिडी धरायला उन्हात गेले. टोपी घ्यायची त्यांच्या लक्षात राहिली नाही.